अंशवेतनाचा हिशेब व हजिरीपटाचें महत्त्व

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजीं परभणीपासून वेगळा झाला. परंतु या भूमीचा दफ्तरी इतिहास त्याहून फार जुना आहे. निजामी अमदानींत हिंगोली येथें हैदराबाद कंटिंजंट फौजेची छावणी होती. १९०३ सालीं ती फौज हिंदी लष्करांत विलीन झाली, तरी पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा हीं नांवें गांवांत अद्यापि चालू आहेत. अशा स्थळांचे वेतनाचे कागद संग्राहकाच्या हातीं आले, म्हणजे एक प्रश्न हटकून उभा राहतो. नेमणुकीपेक्षां कमी रक्कम पोंचलेली दिसली, तर चाकराचा दर उतरला, चाकरीचा काळ घटला, कीं धन्यानें पैसा दाबला? याचा निर्णय कसा करावा, हें प्रस्तुत लेखांत सांगण्याचें योजिलें आहे.

हिशेबाचें मूळ त्रैराशिकांत आहे. भास्कराचार्यांनीं शके १०७२ च्या सुमारास रचिलेल्या लीलावतींत त्याचा विधि स्पष्ट आहे. प्रमाण व इच्छा हीं दोन्ही एका जातीचीं असावींत, फल भिन्न जातीचें. फलास इच्छेनें गुणून प्रमाणानें भागावें. समजा, कारकुनाचा दरमहा रुपये १५ आणि हजिरी २२ दिवसांची. तीस दिवस प्रमाण धरिल्यास वेतन बरोबर रुपये ११ येतें. तोच महिना २९ दिवसांचा चांद्रमास असेल व प्रमाण २९ धरावयाचें असेल, तर रुपये ११ व सहा आण्यांहून किंचित् अधिक येतात. दर तोच, हजिरी तीच. अंतर पडलें तें केवळ प्रमाणामुळें. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचें व फसली वर्ष सौर असल्यामुळें, वर्षाच्या हिशेबांत हें अंतर सुमारें अकरा दिवसांचें होतें. कागदावर तिथि ‘छ’ अक्षरानें मुसलमानी चंद्राची असली, म्हणून वेतनाचें वर्षही चांद्रच असेल असें गृहीत धरूं नये.

नाण्याचेंही तसेंच. हाली शिक्क्याचा अखेरच्या काळांतील ठरीव भाव शंभर कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै, म्हणजे सातास सहा असा होता. नेमणूक १४ हालीची आणि पावती १२ कलदारांची, तर तेथें कपात मुळींच नाहीं.

याहून महत्त्वाचा विचार असा कीं, वेतनाबरोबर कामही घटलें काय? शेजारचीं वाशीम व पाथरी हीं वऱ्हाड सुभ्याचीं सरकारें होतीं. तेथील मोगली अमलाचा दाखला येथें उपयोगी पडतो. शाहजहानच्या काळांत मनसबदारांस बारमाही, आठमाही, सहामाही अशा श्रेण्या लागल्या. कारण जागिरीचा प्रत्यक्ष वसूल कागदोपत्रीं जमेपेक्षां कमी येई. परंतु श्रेणी उतरली, कीं ठेवावयाच्या स्वारांची संख्याही त्या मानानें उतरे. वतनांतही हेंच तत्त्व. सोळा आण्यांच्या वतनांत चार आण्यांचा तक्षीमदार पाळीनें तीन महिने काम करील, तर उत्पन्नाचा चौथा हिस्सा घेईल. उलट पेशवाईंत वर्षाच्या चाकरीस दहा किंवा अकरा महिन्यांचें वेतन अशी नेमणूक आढळते. तेथें काम बारा महिन्यांचें व पैसा कमी; यास प्रमाणशीर घट म्हणतां येत नाहीं, तो मूळचा कराराचा दरच होय.

आजच्या अंशकालीन चाकरीसही हाच नियम लागतो. पूर्णवेळ आठवड्यास ४८ तास व वेतन २४,००० रुपये. अंशकालीन मनुष्य २४ तास काम करून १२,००० घेतो. त्याचे तास १८ झाले, तर वेतन ९,००० व्हावें. कमी झालेले ६ तास ४८ नीं भागून १२,००० चा अष्टमांशच वजा केला, तर १०,५०० उरतात. हें चूक होय, कारण प्रमाण पूर्णवेळाचें आणि फल अंशकाळाचें घेतलें गेलें. उभयतां एकाच पंक्तीचीं हवींत. तास १८ झाले, परंतु काम पूर्वीइतकेंच करून घेतलें, तर गणित शुद्ध असूनही व्यवहार अशुद्ध होय.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती आहे. अक्षर सुबक म्हणून वेतनाचा जाबता ठेवावयाचा व हजिरीपट रद्दी समजून टाकावयाचा, हें सोडावें. जाबत्यांत दर मिळतो, पावतींत रक्कम मिळते. हजिरीपट गेला, कीं त्या दोहोंस जोडणारा दिवसांचा आंकडा जातो. एका रुमालांतून निघालेले कागद एकत्र ठेवून त्यांवर मूळ क्रम नोंदावा. तसें न केल्यास, पुरा मोबदला देणाऱ्या धन्यास आपण कृपण ठरवूं, किंवा ज्या शिपायाची मजुरी बुडाली त्याची तक्रार कायमची मुकी करूं. दोन्ही गोष्टी इतिहासाच्या न्यायास सोडून आहेत.