सागरी स्वयंसेवकांची टोपी : ओळख आणि मर्यादा

नौदल अथवा तटरक्षक दलाला विनावेतन साह्य करणाऱ्या नागरिकांनी गणवेशासोबत डोक्यावर काय घालावे, याविषयी निश्चित नियम असतात. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या नियमांमागे व्यावहारिक कारण आहे. धक्क्यावर किंवा होडीत उभ्या असलेल्या माणसाची टोपी दुरूनच नजरेत भरते. हा माणूस दलाच्या बाजूचा आहे हे तिने सांगावे लागते आणि तो दलाचा जवान नाही हेही.

या दुहेरी ओळखीचे सर्वांत स्पष्ट उदाहरण अमेरिकेत आढळते. तेथील तटरक्षक दलाच्या साहाय्यक नागरी संघटनेची स्थापना २३ जून १९३९ रोजी कायद्याने झाली. प्रारंभी तिचे नाव 'राखीव दल' असे होते. फेब्रुवारी १९४१ मध्ये लष्करी स्वरूपाचे राखीव दल वेगळे करण्यात आले आणि स्वयंसेवकांच्या संघटनेला 'साहाय्यक' हे नाव मिळाले. तिचे सदस्य तटरक्षक दलासारखाच गणवेश वापरतात. मात्र अधिकाऱ्यांच्या सोनेरी खुणांच्या जागी त्यांच्याकडे रुपेरी खुणा असतात, तर टोपीवर संघटनेचे स्वतःचे बोधचिन्ह असते. त्यांची चिन्हे हुद्द्याची नसून पदाची असतात.

टोपी केव्हा काढावी, याचेही नियम आहेत. उघड्यावर ती घालावी, छताखाली काढावी, ही सर्वसाधारण रीत. विमाने व हेलिकॉप्टर यांच्या वावराच्या जागी मात्र ती उघड्यावरही काढून ठेवतात, कारण वाऱ्याने उडालेली टोपी इंजिनात ओढली जाण्याचा धोका असतो. शिष्टाचाराचे वाटणारे बरेच नियम असे अनुभवातून आलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश खलाशांच्या टोपीच्या फितीवरून जहाजाचे नाव वगळण्यात आले होते. बंदरातील टोप्या वाचून कोणते जहाज आले आहे हे शत्रूच्या हेराला कळू नये, हा त्यामागील हेतू होता.

भारतात या प्रकाराशी सर्वांत जवळची संस्था म्हणजे राष्ट्रीय छात्र सेना. ती १९४८ मध्ये स्थापन झाली. तिच्या नौदल विभागाचा प्रारंभ १९५२ मध्ये झाला. या विभागाची पथके केवळ किनाऱ्यावर नाहीत, पुणे, नागपूर आणि बंगळूर येथेही आहेत. त्यामुळे एचएसआर लेआउटसारख्या, समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या वसाहतीतील विद्यार्थीही महाविद्यालयात पथक असल्यास नौदलाच्या धर्तीचा पांढरा गणवेश घालू शकतो. सेना विभागाच्या छात्रसैनिकाची ओळख म्हणजे बेरेटवरील लाल तुरा. नौदल विभागाचा पेहराव त्याहून निराळा. छात्रसैनिकांवर प्रत्यक्ष लष्करी सेवेचे बंधन नाही, ही तरतूद मूळ कायद्यातच आहे. शिरस्त्राणावरील बॅज म्हणूनच नौदलाचा नव्हे, छात्र सेनेचा असतो.

हा भेद पुसण्याचा प्रयत्न झाल्यास कायदा आड येतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ नुसार, आपण सैनिक, नौसैनिक किंवा वायुसैनिक आहोत असे भासवण्याच्या हेतूने तशा दिसणाऱ्या पोशाखाचा किंवा चिन्हाचा वापर करणे हा गुन्हा आहे. पूर्वी हीच तरतूद भारतीय दंड संहितेच्या कलम १४० मध्ये होती. येथे हेतू महत्त्वाचा आहे. केवळ टोपीच्या रंगातील साम्य पुरेसे ठरत नाही.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा प्रश्न अधिक गंभीर आहे. १९९३ मध्ये रायगड जिल्ह्यातील दिघी व शेखाडी येथे स्फोटके उतरवण्यात आली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा हल्लेखोर मुंबईच्या मच्छीमार वस्तीलगत उतरले, तेव्हा त्यांना साध्या वेशातील कोळी रहिवाशांनी हटकले होते. त्यांना उत्तर मिळाले ते उद्धटपणाचे. कोकणातील गावोगावी सागर रक्षक दलाचे सदस्य पोलिसांना माहिती देण्याचे जे काम करतात, त्यातही अनोळखी माणसाला हटकण्याची वेळ येते. अशा वेळी डोक्यावरील टोपीवर दलाचे नाव ठळक देवनागरीत असणे हे नौदलासारख्या चकचकीत बॅजपेक्षा केव्हाही उपयुक्त ठरावे.

श्रद्धेचा प्रश्न यापेक्षा वेगळा आहे. भारतीय सैन्यदलांत शीख जवान पगडी बांधतात आणि छात्र सेनेतील शीख छात्रसैनिकांनाही ती मुभा आहे. टोपीवरील बॅज पगडीवर लावला जातो. हिजाबबाबत मात्र अशी एकमान्य रीत नाही. केरळ सरकारने जानेवारी २०२२ मध्ये विद्यार्थी पोलीस छात्र पथकाच्या गणवेशात हिजाबची मागणी फेटाळली. कर्नाटक उच्च न्यायालयाने १५ मार्च २०२२ रोजी बंगळूर येथे शैक्षणिक संस्थांतील हिजाबबंदी वैध ठरवली. त्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी १३ ऑक्टोबर २०२२ रोजी परस्परविरुद्ध निकाल दिले आणि पुढील निर्णयासाठी प्रकरण सरन्यायाधीशांकडे पाठवण्यात आले. तो वाद वर्गातील गणवेशाचा होता, स्वयंसेवी दलांचा नव्हे.