अनवाणी पाय आणि गादीचे बूट : एका वादाचा इतिहास

आज आपण एका साध्या दिसणाऱ्या वादाकडे वळतोय. पायाला आधार देणारा जाड बूट बरा, की जमीन जाणवू देणारा पातळ? या वादात दोन्ही बाजू दाखले भरपूर देतात. पण ते दाखले कोणाच्या पायांचे, हे विचारायचं मात्र राहून जातं.

१० सप्टेंबर १९६०. रोम ऑलिंपिकची मॅरेथॉन इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अनवाणी धावून २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकली. अनवाणीच्या बाजूने हे उदाहरण आजही दिलं जातं. पण १९६४ साली टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला आणि वेळ जवळपास तीन मिनिटांनी सुधारली! म्हणजे एकच माणूस दोन्ही पक्षांचा साक्षीदार. फक्त एक गोष्ट विसरू नये : अनवाणी धावण्याचा सराव त्याला रोमच्या आधीपासून होता.

पुढे १९७० च्या दशकात अमेरिकेत जॉगिंगची लाट आली. दिवसभर खुर्चीत बसणारी माणसं रस्त्यावर धावू लागली आणि टाचेखाली गादी असलेले बूट रूढ झाले. २०१० मध्ये हार्वर्डच्या डॅनियल लिबरमन यांनी 'नेचर'मध्ये दाखवलं की, अनवाणी धावायची सवय असलेले लोक बहुधा आधी चवडा टेकवतात, तर बूटवाले टाच. चवड्यावर उतरलं की जमिनीचा पहिला धक्का कमी बसतो. पण त्यामुळे दुखापती कमी होतात, हे त्या निबंधाने सिद्ध केलं नव्हतं. जाहिरातींनी ती उडी मारली. पाच बोटांचे बूट विकणाऱ्या व्हायब्रम कंपनीने आपली चूक मान्य केली नाही, तरी आरोग्यविषयक दाव्यांवरचा खटला २०१४ मध्ये ३७.५ लाख डॉलरवर मिटवला.

आता आपल्या देशात येऊ. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांवर उपचार करत. रोगामुळे पाय आपोआप झडतो, अशी तेव्हा समजूत होती. ब्रँड यांनी दाखवलं की, संवेदना गेल्यामुळे दाब आणि जखमा कळत नाहीत आणि त्यातून पायाची हानी होते. म्हणून अशा पायांसाठी मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला वापरात आल्या. तिथे चप्पल म्हणजे चैन नव्हती, पाय वाचवण्याचा उपाय होता.

हा धडा आज आपल्या घरांत लागू पडतो. मधुमेहाने तळव्याची संवेदना गेलेली आजी नवसासाठी अनवाणी निघाली, तर टोचलेला खडा तिला कळणारही नाही. बिकिलाचा दाखला तिच्या कामाचा नाही. उलट धडधाकट तरुणाला पातळ बूट वापरून बघायचा असेल, तर ब्रँड त्याच्या आड येत नाहीत. त्याने फक्त पोटऱ्यांना आणि तळव्यांना हळूहळू सवय करावी.

म्हणून बुटाआधी आपण पाय पाहू. त्याला जाणवतं का, आणि त्याला सवय कशाची आहे? या दोन प्रश्नांनंतरच बुटाची गोष्ट.