सी भाषेतील स्ट्रक्चर आणि फाइल : एक ऐतिहासिक आढावा

सी भाषेच्या अध्यापनात स्ट्रक्चर आणि फाइल हाताळणी हे घटक सामान्यतः स्वतंत्र प्रकरणांत येतात. इतिहासात मात्र ते परस्परांत गुंतलेले आहेत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी बी या प्रकाररहित भाषेतून सी विकसित केली. तत्कालीन युनिक्सच्या डिरेक्टरीतील प्रत्येक नोंद म्हणजे २ बाइटांचा आय-नोड क्रमांक व १४ बाइटांचे फाइलनाव. ही नोंद डिस्कवर जशी आहे तशीच स्ट्रक्चरने वर्णिली जावी, अशी रिचींची अपेक्षा होती. परंतु बी भाषेच्या रीतीने ॲरेसोबत पॉइंटरही साठवावा लागे आणि त्या १६ बाइटांत त्याला जागाच नव्हती. म्हणून पॉइंटर साठवू नये, पदावलीत ॲरेचे नाव आले की तो निर्माण व्हावा, असे ठरले. विद्यार्थ्यांना आजही गोंधळात टाकणाऱ्या नियमाचे मूळ असे फाइलव्यवस्थेत सापडते.

स्ट्रक्चरविना सीमध्ये युनिक्स लिहिण्याचा केन थॉम्पसन यांचा १९७२ मधील प्रयत्न सोडून द्यावा लागला होता. स्ट्रक्चर आल्यावर, १९७३ च्या उन्हाळ्यात, युनिक्सचा गाभा सीमध्ये नव्याने लिहिला गेला. पुढे माइक लेस्क यांच्या इनपुट-आउटपुट संचातून प्रमाणित लायब्ररी घडली. तिच्यातील ‘फाइल’ हा प्रकारही मुळात एक स्ट्रक्चरच होता.