काचबिंदू : नाव, उपचार आणि खर्च

मराठीत ‘मोतीबिंदू’ व ‘काचबिंदू’ हे शब्द जोडीने उच्चारले जातात आणि ऐकणाऱ्यास ती दोन भावंडे वाटतात. वस्तुतः पहिल्यात डोळ्यातील भिंग गढुळते. दुसऱ्यात, बहुधा डोळ्यातील द्रवाचा दाब वाढून, दृष्टीची नस हळूहळू मरते. गढूळ भिंग काढले की गेलेली दृष्टी परत मिळते. मेलेली नस परत मिळत नाही. म्हणून पहिल्या रोगावरील खर्च एकदाच होतो व त्याचे फळ दिसते. दुसऱ्यावरील खर्च जन्मभर चालतो, आणि त्याचे फळ एवढेच की उरलेले टिकते. काचबिंदूच्या आर्थिक व सामाजिक भाराचे मूळ या भेदात आहे, आणि नावांच्या साम्याने हा भेद दीर्घकाळ झाकून ठेवला.

हा घोटाळा केवळ मराठीचा नव्हे. ग्रीक ‘ग्लाउकोस’ हे निळसर-करड्या छटेचे विशेषण. हिप्पोक्रेटीसच्या नावावरील सूत्रांत वृद्धांच्या विकारांमध्ये त्यापासून साधलेले नाम आढळते. परंतु त्या काळी भिंगाचे व नसेचे विकार निराळे ओळखले जात नव्हते. १७०५ मध्ये फ्रान्समधील ब्रिसो याने मृताच्या डोळ्याचे विच्छेदन करून मोतीबिंदू म्हणजे गढुळलेले भिंगच होय हे दाखविले, तेव्हा कोठे दोन वाटा फुटू लागल्या. संस्कृत वैद्यकात ‘काच’ ही तिमिर व लिंगनाश यांच्या मधली अवस्था. डोळा घुसळला, उपटला जात आहे असे वाटावे आणि अर्धे डोके ठणकावे, असा सुश्रुताने वर्णिलेला ‘अधिमंथ’ आजच्या तीव्र काचबिंदूच्या पुष्कळच जवळचा आहे. मराठीने मात्र नाव पत्करले ते ‘काच’ हे, आणि त्याला मोतीबिंदूचे उत्तरपद जोडले. मोतीबिंदू पिकू द्यावा, मग काढावा, ही जुनी समजूतही त्या जोडपदाबरोबर आली. काचबिंदू पिकत नाही. तो पिकण्याची वाट पाहणारा रोगी दवाखान्यात पोचतो तेव्हा वाचविण्याजोगे फारसे उरलेले नसते.

उपचारांचा इतिहास अर्वाचीन आहे. १८५७ मध्ये बर्लिनच्या फोन ग्रेफे याने बुबुळाच्या पडद्याचा तुकडा कापून तीव्र काचबिंदू आटोक्यात आणला. १८७६ च्या सुमारास लुडविग लाकर याने कॅलबार बीच्या अर्काचा उपयोग सुरू केला. हा वैद्य स्वतः काचबिंदूचा रोगी होता. पाठोपाठ पिलोकार्पिन आले. दिवसातून तीन-चार वेळा थेंब घालणे, बाहुली आकसून सायंकाळी अंधारून येणे, आणि तरीही नजर सुधारल्याचा प्रत्यय न येणे, हा क्रम पुढे शतकभर चालला. १९०९ मध्ये मद्रासच्या सरकारी नेत्ररुग्णालयात रॉबर्ट हेन्री एलियट याने डोळ्याच्या कवचास बारीक छिद्र पाडून द्रवाला वाट देण्याची क्रिया प्रचारात आणली. दूरच्या गावाहून क्वचितच येऊ शकणाऱ्या माणसाला रोजच्या थेंबांपेक्षा एकदाची शस्त्रक्रिया परवडे, ही गोष्ट येथे विसरता येत नाही. त्याच एलियटने १९१७ च्या व्याख्यानांत, फिरत्या वैद्यांनी सुईने मोतीबिंदू खाली पाडलेल्या डोळ्यांची चिकित्सा मांडली. अशा डोळ्यांत मागाहून काचबिंदू उद्भवे. म्हणजे स्वस्तातल्या एका उपायाचे देणे दुसऱ्या रोगाच्या रूपाने फेडावे लागे.

संघटित साहाय्य मात्र मोतीबिंदूच्याच साच्यात घडले. पट्टी सुटताच रोग्याला दिसू लागते, दात्याला समाधान मिळते. नेत्रशिबिराची सारी रचनाच या क्षणाभोवती उभी आहे. १९७६ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचाही भर दीर्घकाळ तेथेच राहिला. गणनेचीही तीच तऱ्हा. अक्षरांचा तक्ता किती अंतरावरून वाचता येतो यावर अंधत्व मोजले, तर काचबिंदूचा रोगी निसटतो. समोरचे अक्षर तो अखेरपर्यंत वाचतो, फक्त कडेचे जग नाहीसे झालेले असते. १९९५ च्या अपंगविषयक कायद्याने दृष्टिक्षेत्राचा २० अंशांचा निकष घातला, २०१६ च्या कायद्याने तो १० अंशांखाली आणला. २०१० मधील एका अंदाजानुसार भारतात चाळिशीपुढील सुमारे १ कोटी १२ लक्ष लोकांना हा रोग होता, आणि दक्षिण भारतातील पाहण्यांत दहांपैकी सुमारे नऊ रोग्यांना तो असल्याचे ठाऊकच नव्हते.

ज्यांना ठाऊक होते त्यांचा हिशेब किचकट आहे. उघडलेली बाटली साधारणतः महिन्याने टाकावी लागते. जुनी औषधे स्वस्त, पण दमेकऱ्याला टिमोलॉल चालत नाही. १९९६ नंतर आलेले लॅटॅनोप्रोस्ट महाग, आणि न उघडलेली बाटली थंड जागी ठेवण्याची अट असलेले. २०१८ पासूनची आयुष्मान भारत विमा योजना रुग्णालयात भरती झालेल्यांसाठी आहे; घरी घालावयाच्या रोजच्या थेंबांना तिच्यात जागा नाही. शिवाय तपासणीच्या दिवशी रोग्याची मजुरी बुडते, आणि सोबत येणाऱ्या मुलाचीही. औषधापेक्षा ही सोबतच कित्येकदा महाग पडते.

समाजाची वागणूक यापुढची. कडेने आलेला माणूस दिसला नाही की ‘ओळख विसरला’ असे म्हणतात, उंबऱ्याला ठेच लागली की ‘पिऊन आला’ असे. वर्तमानपत्र वाचणारा आंधळा कसा, हा प्रश्न घरातलेही विचारतात. सख्ख्या भावंडांत हा रोग होण्याचा संभव अधिक, म्हणून वैद्य सर्वांना तपासणीस बोलावतात. पण बहिणीचे लग्न ठरावयाचे असते, आणि तोवर थोरल्या भावाच्या थेंबांची बाटली फडताळात मागे सरकवलेली असते.