संत योआकिमाचे रुपे

बारामतीला लागून असलेल्या जळोचीच्या भुईखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. त्यात रुप्याची खाण नाही. तरीही या मुलखातल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या रुपे जपले, कधी तोड्यांत व कमरपट्ट्यांत, तर कधी फडक्यात बांधलेल्या राणीछाप रुपयांत. हे रुपे बव्हंशी समुद्रापलीकडून आले. हिंदुस्थानने कापड, नीळ व मिरी दिली आणि मोबदल्यात युरोपीय व्यापाऱ्यांकडून रुपे घेतले. टांकसाळीत परकी नाणी वितळली आणि त्यांचे रुपये झाले.

या रुप्यातले पुष्कळसे अमेरिकेतल्या खाणींचे होते. त्यापूर्वी मात्र युरोपची भिस्त जर्मनभाषक खाणकऱ्यांच्या डोंगरांवर होती. सॅक्सनी व बोहेमियाच्या सीमेवर १४९६ साली ॲनाबर्ग, १५१६ साली योआकिमस्थाल आणि १५२१ साली मारियनबर्ग ही नगरे वसली. पवित्र मरिया आणि तिचे मातापिता अशा तिघांची नावे त्या धातुगर्भ डोंगरांना लाभली. योआकिमस्थाल येथे श्लिक सरदारांनी १५२०च्या सुमारास पाडलेल्या नाण्यावर संत योआकिमाची मूर्ती होती. वजन सुमारे अडीच तोळे. 'थाल' म्हणजे दरी. दरीतले नाणे ते 'थालर', आणि त्याचाच पुढे 'डॉलर' झाला. ज्या नावाने आज जग व्यवहार करते, त्याच्या मुळाशी मरियेच्या पित्याचे गाव आहे.

पुढे हार्ट्‌झ पर्वतातल्या नाण्यांवर क्रूस धरलेला प्रेषित आंद्रेया आला. खाणीच्या उत्पन्नातून खास नाणी पाडण्याची प्रथा पडली. प्रशियाच्या १८२६ ते १८६२ या काळातल्या काही थालरांवर तर 'मान्सफेल्डच्या खाणीचा आशीर्वाद' अशा अर्थाची अक्षरे आहेत. संग्राहक या नाण्यांसाठी आजही मोठी किंमत मोजतात.

ज्यांनी ते रुपे खणले, त्यांनी मोजलेली किंमत नाण्यावर दिसत नाही. ती आपल्याला जॉर्ज आग्रिकोला सांगतो. १५२७ साली तो योआकिमस्थालचा नगरवैद्य झाला. धुळीने खाणकऱ्यांची फुप्फुसे झिजतात हे त्याने नोंदवले. कार्पेथियन डोंगरांत एकामागून एक सात पती या क्षयाने गमावलेल्या स्त्रिया आहेत, असे त्याने लिहिले. हा श्रद्धावान कॅथलिक १५५५ साली केम्निट्‌झ येथे वारला. ते नगर तोवर प्रोटेस्टंट झाले होते. तेथे त्याला मूठमाती मिळाली नाही आणि त्याचा देह झाइट्‌झच्या कॅथीड्रलमध्ये न्यावा लागला. त्याचा खाणशास्त्रावरील महाग्रंथ पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाला. योआकिमस्थालच्याच खनिजातून १८९८ साली क्युरी दांपत्याला रेडियमचा शोध लागला. १९४८ नंतर चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट राजवटीने तेथल्या युरेनियमच्या खाणींत राजबंद्यांना राबवले. त्यांत धर्मगुरूही होते.

थालरचा आपल्या मुंबईशीही संबंध आला. सम्राज्ञी मारिया थेरेसाच्या मुद्रेचा, १७८० सालचा आकडा असलेला थालर तांबड्या समुद्राच्या काठी इतका विश्वासाचा ठरला होता की, १९४०-४१ साली मुंबईच्या टांकसाळीने असे दीड कोटीहून अधिक थालर पाडले.

२६ जुलैला आपण संत योआकिम व संत ॲना यांचा सण साजरा करतो. त्या दिवशी प्रार्थनेत या खाणकऱ्यांचेही स्मरण व्हावे. नाण्यावरचा 'आशीर्वाद' मालकाने कोरून घेतला. त्यासाठी ज्यांचा श्वास गेला त्यांची नावे कोणी कोरली नाहीत. संग्राहकाने नाणे तळहातावर घेताना त्याच्या वजनात तेही धरावे, इतकीच अपेक्षा.