चार रुपये चौदा आणे

आमच्या घरात जीपच्या मागच्या एक्सलचं माप रुपये-आण्यांत सांगितलं जायचं. लष्करातून आलेली जुनी विलीज म्हणजे ‘चार रुपये चौदा आणे’. महिंद्राची उंच बॉनेटची जीप म्हणजे ‘पाच रुपये सहा आणे’. माझे वडील, आप्पा, गॅरेजमधून घरी आले की हातपाय धुता धुता आईला सांगायचे, “आज श्रीगोंद्याची गाडी उघडली. चार-चौदा निघाली.” आई मान डोलवायची. गाड्या इतक्या स्वस्त मिळतात तर आपण एक का घेत नाही, असं मला फार दिवस वाटत होतं.

आप्पा चौथी शिकलेले. मी पुढे गणिताची शिक्षिका झाले आणि एकतीस वर्षं नगरमध्ये शिकवलं. पण अपूर्णांक म्हणजे नेमकं काय, हे मला पहिल्यांदा कळलं ते भिंगार रस्त्यावरच्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जॅकवर उचललेल्या जीपखाली.

जीपच्या इंजिनाची ताकद लांब शाफ्टमधून मागे येते आणि मागच्या एक्सलच्या पोटात वळून दोन्ही चाकांकडे जाते. तिथे दोन दातेरी चाकं असतात. शाफ्टच्या टोकाला छोटा पिनियन आणि त्याला जुळलेला मोठा क्राऊन. जुन्या विलीजमध्ये क्राऊनला ३९ दाते आणि पिनियनला ८. एकोणचाळीस भागिले आठ म्हणजे ४.८७५, पुस्तकात तेच ४.८८ असं छापतात. चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टला तेवढे फेरे घ्यावे लागतात. महिंद्राच्या जुन्या सीजे-थ्री-बी जीपमध्ये क्राऊनचे दाते ४३, पिनियनचे तेच ८. भागाकार ५.३७५. आकडा जितका मोठा, तितकी ओढ जास्त आणि वेग कमी.

पिनियनला आठ दाते असले की उत्तर नेहमी अष्टमांशात येतं. अष्टमांश म्हणजे रुपयाचे दोन आणे. सात अष्टमांश म्हणजे चौदा आणे, तीन अष्टमांश म्हणजे सहा. दशांश चिन्ह न शिकलेल्या माणसाला पूर्ण बिनचूक उत्तर द्यायला आणे पुरेसे होते. १ एप्रिल १९५७ पासून सरकारने नवे पैसे आणले, तरी आमच्या शेडमध्ये आणे पुढे पंचवीस वर्षं चालले.

ही विद्या नगरला आली ती युद्धामुळे. विलीज आणि फोर्ड या दोन अमेरिकी कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात मिळून सव्वासहा लाखांहून जास्त जीपा बांधल्या. आराखडा एकच, पण फोर्डने आपल्या गाडीच्या बोल्टांवरसुद्धा इंग्रजी ‘एफ’ कोरला. आप्पा अंधारात बोल्टच्या डोक्यावरून अंगठा फिरवून गाडी कोणाची ते सांगायचे. उधार-उसनवारीच्या करारातून या जीपा ब्रिटिशांच्या हिंदी फौजेकडे आल्या. नगर तर आधीपासूनच छावणीचं गाव. रणगाडे आणि चिलखती गाड्या चालवायला शिकवणारी शाळा इथे होती. आप्पा १९४३ साली सतराव्या वर्षी लष्करी वर्कशॉपात हेल्पर म्हणून लागले. त्याच वेळी, तिथून हाकेच्या अंतरावरच्या भुईकोट किल्ल्यात पंडित नेहरू, मौलाना आझाद, सरदार पटेल कैदेत होते. किल्ल्यात नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे नगरच्या प्रत्येक मुलाला शाळेत सांगतात. किल्ल्याबाहेर पोरसवदा हेल्पर दाते मोजायला शिकत होते, हे कुणी सांगत नाही. म्हणून मी ते इथे लिहिते आहे.

स्वातंत्र्यानंतर नगरचं हे अंग आणखी वाढलं. फाळणीनंतर रावळपिंडीजवळच्या चकलाल्याहून लष्करी वाहनांची तपासणी करणारी संस्था नगरला आली. तिचीच पुढे व्हीआरडीई ही वाहन संशोधन संस्था झाली. तिच्या वसाहतीचं नावच वाहननगर. १९४८ मध्ये आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल इथे उभं राहिलं. फौजेने वापरून काढलेल्या गाड्या लिलावात निघू लागल्या. त्यांना सगळे ‘डिस्पोजलची गाडी’ म्हणत. लष्करात हात बसलेले फिटर बाहेर पडले आणि त्यांनी रस्त्याकडेला शेडी टाकल्या. आप्पांची त्यांतलीच एक.

गिऱ्हाईकही त्याच सुमारास तयार होत होतं. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. प्रवरेच्या पाण्यावर पैसा आला. काळ्या रानातल्या पावसाळी वाटेने ऊस, खत, डिझेलची पिंपं, बाळंतीण, नवरदेव, सगळं ओढून नेणारी गाडी हवी होती. तिकडे महिंद्रांनी १९४७ पासून मुंबईत विलीजच्या जीपा जुळवायला सुरुवात केली होती. पुढे उंच बॉनेटची सीजे-थ्री-बी आली. नवी घेणं सगळ्यांना परवडत नव्हतं. मग डिस्पोजलची विलीज घ्यायची आणि जे मोडेल ते महिंद्राचं बसवायचं, अशी रीत पडली. रीत सोयीची होती, पण तिच्यात एक खोट होती.

१९६८ च्या उन्हाळ्यात राहुरीकडचे एक ऊसवाले आपली विलीज घेऊन आले. मी तेरा वर्षांची होते आणि डबा द्यायला गेले होते. ते म्हणाले, “मिस्त्री, चिखलात गाडी वाघावानी पळती. पण पुढची चाकं जोडून डांबरीवर आणली का अशी आखडती, का स्टिअरिंग हातात राहीना. तीन ठिकाणी दाखवली. कोन म्हनतं बेअरिंग, कोन म्हनतं गिअरबॉक्स.”

आप्पांनी काहीच उघडलं नाही. ते आधी मागच्या चाकाच्या मध्यभागी पाहत राहिले. युद्धातल्या विलीजच्या मागच्या हबवर बोल्टांनी आवळलेली फ्लँज असते. इथे एक मोठा नट आणि त्यात कॉटर पिन होती. म्हणजे मागचा अख्खा एक्सल पुढे कधीतरी बदललेला. मग ते म्हणाले, “खडू आण.”

ती कृती मी त्या दिवशी शिकले आणि ती जशीच्या तशी देते, कारण ती आजही कुठल्याही जुन्या गाडीला लागू पडते. गाडी सपाटीवर घ्यायची. तीन चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावायचे. या जीपचा हँडब्रेक चाकांना नसून शाफ्टलाच पकडतो, म्हणून तो सोडायचा; आणि म्हणूनच दगडांत कंजुषी करायची नाही. गिअर न्यूट्रल. मागचं एकच चाक जॅकवर उचलायचं आणि एक्सलखाली भक्कम घोडी द्यायची. टायरवर एक रेघ, शाफ्टवर एक रेघ, आणि दोन्हींसमोर न हलणाऱ्या भागावर एकेक रेघ. एकाने चाक हळू फिरवायचं, दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजायचे. चाकाचे फेरे मात्र एक नाही, दोन घ्यायचे. दुसरं चाक जमिनीवर अडलेलं असतं, त्यामुळे दोन चाकांत फेरे वाटून देणारा डिफरन्शिअल उचललेल्या चाकाला दुप्पट फिरवतो. चाकाचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक.

आप्पांनी चाक फिरवलं, मी खाली पडून मोजलं. पाच पूर्ण झाले आणि रेघ पुढे तिसऱ्या हिश्श्याहून थोडी जास्त सरकली. “पाच रुपये सहा आणे,” आप्पा म्हणाले. मग पुढचं चाक उचललं. चार पूर्ण, आणि पाचवा फेरा पूर्ण व्हायच्या आधी, अष्टमांश राहिला असताना रेघ थांबली. “चार रुपये चौदा आणे.” ते उठले आणि ऊसवाल्यांना म्हणाले, “पाटील, तुमच्या गाडीत दर फेऱ्याला आठ आण्यांचं भांडण आहे.”

जीपमध्ये पुढची चाकं जोडली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकाच वेगाने फिरायला बांधला जातो. मधे तडजोड करणारं काही नसतं. पुढच्या चाकाला एका फेऱ्यासाठी ४.८७५ फेरे पुरतात, मागच्याला ५.३७५ लागतात. मऊ मातीत टायर घसरून तो फरक पचवतात. डांबरावर टायर घसरत नाहीत. मग तो ताण दाते, शाफ्ट आणि जॉइंट सोसतात, आणि एक दिवस त्यांतलं एक तुटतं. कुणाचं वाईट करायचं म्हणून कुणी तो एक्सल बसवला नव्हता. तो बसत होता, म्हणून बसवला; दाते मोजले नाहीत एवढंच. आप्पांनी पुढच्या एक्सलमध्ये ४३-८ ची जोडी घातली आणि भांडण मिटलं.

जोडी, हा शब्द महत्त्वाचा. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातच एकमेकांवर घासून जुळवतात आणि दोघांवर एकच क्रमांक ठोकतात. एकाचा क्राऊन नि दुसऱ्याचा पिनियन लावला, तर आकडा बरोबर येऊनही गाडी रडते. जुळणी तपासायला आप्पा तेलात कालवलेला शेंदूर क्राऊनच्या चार-पाच दात्यांना लावायचे आणि पिनियन फिरवायचे. शेंदूर पुसला गेलेला ठसा दात्याच्या मधोमध आला तर ठीक. वर किंवा मुळाशी गेला, तर पिनियनमागच्या पातळ चकत्या कमी-जास्त करून पुन्हा शेंदूर. कधी कधी सकाळ अशीच जायची. घाई केलेली मी त्यांना कधी पाहिली नाही.

मी त्यांना विचारलं होतं, चाळीस आणि आठ का नाही घेत? हिशेब सोपा झाला असता, बरोबर पाच. त्यांना उत्तर ठाऊक होतं, शब्द नव्हता. ते म्हणाले, “चाळीसात तेच तेच दाते रोज भेटतात. एकाला खोड लागली की तो समोरच्या पाचांनाच खात बसतो. एकोणचाळीसात सगळे सगळ्यांना भेटतात, झीज वाटून घेतात.” त्यांच्याकडे नसलेला शब्द मला पुढे पाठ्यपुस्तकात मिळाला, सहमूळ संख्या. ३९ आणि ८ यांना १ सोडून सामाईक विभाजक नाही. त्यांचा लसावि ३१२. म्हणजे एक दाता एका दात्याला भेटला की पुन्हा तीच भेट व्हायला पिनियनचे ३९ आणि क्राऊनचे ८ फेरे व्हावे लागतात. सहमूळ संख्यांचा धडा आला की मी दरवर्षी आप्पांनी दिलेली झिजलेली जोडी वर्गात टेबलावर ठेवायचे. एक मुलगा खडूने खूण करायचा, दुसरा फिरवायचा, सगळा वर्ग मोठ्याने मोजायचा. एकोणचाळिसाव्याला खुणा समोरासमोर आल्या की जो गलका व्हायचा, तो मला अजून ऐकू येतो.

माझा भाचा मिशिगनमध्ये असतो. त्याने मोठ्या हौसेने १९६६ ची पॉन्टिअॅक जीटीओ घेतली. साठच्या दशकात अमेरिकेत अशा दांडग्या इंजिनांच्या गाड्यांचं वेड होतं. त्यांना ते मसल कार म्हणतात. तिथेही मागच्या एक्सलचा आकडा हा गाडीचा स्वभाव. लांबच्या रस्त्याला ३.२३, रोजच्या चपळाईला ३.५५, पाव मैलाच्या शर्यतीला ३.९० किंवा त्याहून वर. फोर्ड कंपनी एक्सलच्या हाउसिंगच्या बोल्टाखाली पत्र्याची छोटी चिठ्ठी लावत असे. तिच्यावर ‘३एल५०’ असेल तर आकडा ३.५० आणि ‘एल’ म्हणजे दोन्ही चाकांना एकत्र ओढणारा लिमिटेड स्लिप डिफरन्शिअल. पॉन्टिअॅक बनवणाऱ्या जनरल मोटर्सच्या गाड्यांत एक्सलच्या नळीवर अक्षरं ठोकलेली असतात. पण साठ वर्षांत चिठ्ठ्या हरवतात, अक्षरं गंजतात, आणि शर्यतीच्या नादात कुणी आतली जोडी बदललेली असते. भाच्याला नळीवर काही वाचता येईना.

मी त्याला म्हटलं, “खडू आण.” आधी दोन्ही मागची चाकं उचलून एक फिरवून पाहायला सांगितलं. दुसरं उलट फिरलं, म्हणजे डिफरन्शिअल साधा. तेच जर सोबत फिरलं असतं, तर लिमिटेड स्लिप. मग एक चाक खाली घेऊन दुसऱ्याचे वीस फेरे मोजायला लावले. तिथे ३.३६ चीही जोडी मिळते, दोन फेऱ्यांत नजर फसू शकते. वीस फेऱ्यांत फसत नाही. शाफ्टचे फेरे साडेपस्तीसच्या किंचित आत भरले. वीस फेरे म्हणजे क्राऊनचे दहा. म्हणून ३.५५, दाते ३९ आणि ११. मी हिशेब केला, तीन रुपये पावणेनऊ आणे. पुन्हा तोच एकोणचाळीस. फोनवर मला थोडा वेळ बोलता आलं नाही. भाच्याला वाटलं, लाइन तुटली.

इकडे नगरमध्ये सोलापूर रस्त्याजवळचं रणगाडा संग्रहालय १९९४ साली सुरू झालं. मी नातवंडांना तिथे नेते. रोल्स-रॉइसच्या चासीवरची चिलखती गाडी आहे, १९६५ च्या लढाईत पकडलेला पॅटन रणगाडा आहे. खेमकरणला पॅटन फोडणारे अब्दुल हमीद जीपवरच्या तोफेने लढले, हे मी मुलांना तिथेच उभं राहून सांगते. घरी परतताना आप्पांच्या शेडची जागा लागते. आता तिथे फर्निचरचं दुकान आहे.

आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं आहे. या जिल्ह्याच्या इतिहासात निजामशाही आहे, चांदबिबी आहे, किल्ला आहे, कारखाने आहेत. त्यात ही हाताची मोजणीही यावी, असं मला मनापासून वाटतं. ज्यांनी ती केली त्यांच्या नावाच्या पाट्या कुठेच नाहीत, आणि त्या जीपा आता गोठ्यांतून थेट भंगारात चालल्या आहेत. तुमच्या वस्तीवर अशी एखादी उभी असेल, तर ती वजनावर देण्याआधी एक चाक उचला, खडूने रेघ मारा, दोन फेरे मोजा. चार-चौदा आली की पाच-सहा, ते वहीत लिहा. मागे-पुढे आकडा वेगळा निघाला, तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो एक्सल कुठून आला होता. तो सांगेल तेही त्याच पानावर लिहा.