पोटासाठी गुडघ्याखाली सुई

जुलै 1971 मध्ये अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांचे अपेंडिक्स बीजिंगमध्ये काढावे लागले. दुसऱ्या रात्री पोट गच्च फुगले, तेव्हा तिथल्या वैद्याने त्यांच्या उजव्या कोपरात आणि गुडघ्यांखाली सुया टोचल्या, आणि आपल्या दवण्याच्या कुळातल्या एका वनस्पतीच्या कांड्या पेटवून पोटाजवळ धरल्या. तासाभरात पोट उतरले. रेस्टन यांनी हे ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लिहिले आणि अमेरिकेत बोलबाला झाला तो सुयांनी भूल दिल्याचा! भूल खरे तर नेहमीच्या औषधाने दिली होती. त्याच लाटेत दुसरा समज पक्का झाला, की सुया टोचण्याची ही विद्या हजारो वर्षे अखंड चालत आलेली आहे. पुरावे तसे सांगत नाहीत. चीनच्या हुनान प्रांतातल्या मावांगदुई येथे इ.स.पू. 168 च्या कबरीत 1973 साली सापडलेल्या हस्तलिखितांत शरीरातले मार्ग वर्णिले आहेत. पण त्यांवर उपचार सांगितला आहे तो डाग देण्याचा, सुई टोचण्याचा नव्हे. ‘हुआंगदी नेइजिंग’ या प्राचीन चिनी वैद्यकग्रंथात सुया येतात, पोटासाठी टोचायची गुडघ्याखालची जागाही येते, पण त्यांतल्या काही सुया गळू फोडायच्या आणि रक्त काढायच्या.

जागा जुनी आहे, मग उपचार नवा कसा, असे कोणी विचारील. कारण मधला दुवा कच्चा आहे. 1822 मध्ये चीनच्या दाओग्वांग बादशहाने शाही वैद्यकसंस्थेतून सुईचिकित्सा काढून टाकली. ती बंदी दरबारापुरती होती, खेड्यांत सुया चालूच होत्या, हे खरे. पण खेड्यातला तो हात आणि आजच्या दवाखान्यातली केसासारखी बारीक निर्जंतुक सुई यांत मोठे अंतर आहे. 1930 च्या दशकात चेंग दानआन या चिनी वैद्यांनी टोचण्याच्या जागा शरीररचनाशास्त्राशी जुळवून नव्याने मांडल्या. 1949 नंतर डॉक्टरांचा तुटवडा असलेल्या चीनच्या नव्या कम्युनिस्ट सरकारला हा स्वस्त उपाय सोयीचा वाटला.

नवा म्हणजे खोटा, असा अर्थ मात्र निघत नाही. तीव्र बद्धकोष्ठावरच्या सुईचिकित्सेची चीनमधली मोठी चाचणी 2016 मध्ये प्रसिद्ध झाली: 15 रुग्णालये, 1,075 रुग्ण, आठ आठवडे. आठवड्याला सरासरी तीन किंवा अधिक वेळा पोट आपोआप पूर्ण साफ होणाऱ्यांचे प्रमाण उपचार घेणाऱ्यांत 31.3 टक्के होते, तर नुसत्या वरवर सुया टोचलेल्यांत 12.1. त्या खऱ्या उपचारातल्या सुयांना विजेचा प्रवाह जोडलेला होता.